वायरिंग लाईनवरचा सत्कार

वाळूजच्या ज्या कारखान्यात गाड्यांची वायरिंग बांधतात, तिथं नुजहत पटेल बरीच वर्षं लाईनवर होती. ठेकेदाराची कामगार, कायम नव्हे. राहायला सिल्लेखान्यात, जिना चढून वरच्या दोन खोल्यांत. सकाळी क्रांती चौकात कंपनीची बस यायची. द्वारकाबाई आधीच्या थांब्यावर चढलेली असायची आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून नुजहतसाठी जागा धरायची.

नुजहतचा नवरा मुजम्मिल तोफखान्यात नायक होता. मूळचा फर्दापूरचा. त्याचे वडील अजून लेणीच्या पायथ्याशी रंगीत दगड विकायचे. लाईनवर हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कौतुकही होतं. द्वारकाबाई तिला नावानं हाक मारतच नसे. "ए फौजीण, डबा काढ," म्हणायची. सव्वीस जानेवारीला झेंड्याला फुलं वाहायला सुपरवायझर चिन्मय सर तिलाच पुढं करायचे, फोटो काढायचे.

एप्रिलच्या शेवटी काश्मीरात पर्यटकांना नावं विचारून मारलं, ती बातमी आली. दुसऱ्या दिवशी नुजहत बसमध्ये चढली तेव्हा द्वारकाबाईची पिशवी सीटवर होतीच, पण ती उचलली गेली नाही.

"बसू का?" नुजहतनं विचारलं.

"कुणीतरी येणार हाय," द्वारकाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

नगर नाका गेला, वाळूज आलं. कुणीच आलं नाही. पिशवी सीटवर बसून आली आणि नुजहत दांडा धरून उभी राहून आली. तिच्याही घशाखाली त्या बातमीनं घास उतरला नव्हता. ते सांगायला कुणी विचारलं तर पाहिजे.

मुजम्मिल तेव्हा सुट्टीवर होता. बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. फर्दापुरात मांडवाचं ठरवत असतानाच त्याला पलटणीतून फोन आला, ताबडतोब हजर व्हा. नुजहत त्याला स्टेशनवर सोडायला गेली. प्लॅटफॉर्मवर काही तरुण पोरं हार आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. जो दिसेल त्या जवानाच्या गळ्यात हार घालत होती, घोषणा देत होती. मुजम्मिलचा गणवेश बघून ती त्याच्याकडेही धावत आली.

"साहेब, नाव काय तुमचं?"

"पटेल," मुजम्मिल म्हणाला.

"पटेल साहेबांचा विजय असो!" पोरांनी हार घातला, दोघं पाया पडली, फोटो झाले. पोरं पुढच्या डब्याकडे गेल्यावर नुजहत हळूच म्हणाली, "पूरा नाम कायकू नै बोले?"

"गाडी छूट रै थी."

गाडी अजून उभी होती. त्याला ते दिसत होतं, तिलाही दिसत होतं. त्यानं हार काढून खिडकीच्या दांड्याला अडकवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फोन बंद आया तो घाबरू नक्को. और कुठं आहे, काय करतो, कुणाला सांगायचं नाही. घरच्यांनाबी नाही." तो महत्त्वाचं काही सांगताना असा मध्येच मराठीत यायचा.

मे महिन्यात लढाई सुरू झाली. आपल्या फौजेनं हल्ला केल्याची बातमी आली त्या सकाळी बसमध्ये पेढ्यांचा खोका फिरत होता. खोका कडुबाच्या हातात होता. कडुबा लाईनवर माल आणून द्यायचा, ट्रॉली ढकलायचा, सगळ्या बायकांना वहिनी म्हणायचा. नुजहतपाशी आल्यावर त्यानं खोका तिच्या डोक्यावरून मागच्या सीटकडे दिला.

"हिला राहू दे. घशात अडकंल."

हसले सगळे नाहीत, पण हसले बरेच. नुजहत वळली, मागच्या माणसाच्या हातातून खोका घेतला, दोन पेढे उचलले आणि कडुबाच्या डोळ्यांत बघत एकामागून एक खाल्ले.

"अडकला का?" ती म्हणाली. "माझा माणूस तिथं तोफेवर उभा हाय. तू तुझी ट्रॉली नीट ढकल."

"हाय का तोफेवर?" कडुबा बाकीच्यांकडे बघत म्हणाला. "का भटारखान्यात टाकला? आता ह्यांच्या हातात तोफ कोण देतंय?"

ह्या वेळी जास्त लोक हसले. पुढच्या सीटवर विशाखा साळवे बसली होती. लाईनवर ती नुजहतच्या शेजारच्या, वायरी मांडून बांधायच्या बोर्डावर काम करायची, दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या. तिनं मागं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं.

त्याच दिवसापासून मुजम्मिलचा फोन बंद झाला. नुजहत जेवणाच्या सुट्टीत लावायची, घरी पोचल्यावर लावायची. फर्दापुरातून सासू रडत फोन करायची, तिला ही समजावायची. पंजाबात, राजस्थानात, जम्मूत काय काय पडलं ते टीव्हीवर ओरडून सांगत होते. त्यातलं खरं किती, खोटं किती, काही कळायला मार्ग नव्हता.

अशातच लाईनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. फौजेतला एक जवान शत्रूला माहिती देताना पकडला, तो आपल्या संभाजीनगरचा आहे, आपल्यातच राहतो, आपलंच खातो, ओळखा कोण. खाली दातओठ खाणारी लाल तोंडं. कुणी मूळ मेसेज पाठवला ते कळेना, कारण तासाभरात दहा जणांनी तोच पुन्हा टाकला होता. त्यात द्वारकाबाईही होती. नाव कुणीच लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. कारखान्यात फौजेतला नवरा असलेली बाई एकच होती.

दुसऱ्या दिवशी नुजहतच्या लॉकरवर काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं, फितूर. ती ओल्या फडक्यानं घासत राहिली. शाई पसरली, अक्षरं गेली नाहीत.

चिन्मय सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चाळिशीच्या आतला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही.

"नुजहत, थोडे दिवस सुट्टी घे. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. वातावरण गरम आहे."

"लॉकरवर कुणी लिहिलं, सर?"

"ते बघू आपण. कॅमेरा त्या बाजूला नाहीये."

"सुट्टीचा पगार मिळंल?"

"ठेकेदाराच्या माणसांना पगारी सुट्टी नसते, तुला माहीत आहे."

"मग लिहून द्या, की तुझ्या नवऱ्याबद्दल ग्रुपवर अफवा आली म्हणून तुला घरी बसवतोय. मी घरी बसते."

चिन्मय सरांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "तू गोष्टी अवघड करतेस."

"मी तर वायरी बांधते, सर," ती म्हणाली आणि बोर्डावर परत आली.

कँटीनमध्ये तिनं उभं राहून विचारलं, "कुणाला वाटतंय माझा नवरा फितूर हाय? तोंडावर बोला."

बाया ताटात बघू लागल्या. कडुबा मात्र खुर्ची मागं सारून उठला. "एवढं कशाला वहिनी? लाव ना फोन नवऱ्याला. आत्ता लाव, स्पीकरवर. बोलला तर मी तुझे पाय धरतो."

नुजहतला माहीत होतं फोन बंद असणार. पण दोनशे डोळे तिच्या हाताकडे लागले होते, आणि एकदा वाटलं, लागला तर? या अल्लाह, आज लागू दे. तिनं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक सध्या बंद आहे, बाईचा गोड आवाज म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मध्येच फोन बंद करणं नुजहतला जमलं नाही.

"बघा," कडुबा म्हणाला.

 ह्या वेळी कुणी हसलं नाही. जणू निकाल लागला होता आणि आता जेवायला हरकत नव्हती. द्वारकाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला.

सुटीच्या वेळी नुजहत बसमध्ये चढलीच नाही. रस्त्याच्या कडेनं रिक्षा बघत चालू लागली. मागून विशाखा पळत आली.

"थांब. माझ्या पप्पांकडं चल."

"कँटीनमध्ये तोंडात काय होतं तुझ्या?"

विशाखा धापा टाकत उभी राहिली. "भेले मी," ती म्हणाली. "तुझ्या नावानं सुरू झालं, माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो? तुला शिव्या द्यायच्या तर दे, पण चल."

"नंतर देते," नुजहत म्हणाली. दोघी शेअर रिक्षात बसल्या.

विशाखाचे वडील मोतीराम साळवे हवालदार म्हणून निवृत्त झालेले. भावसिंगपुऱ्यात घर. बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या पलटणीतला जुना ग्रुप फोटो. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. धीर वगैरे काही दिला नाही. कपडे बदलून आला, छातीवर पदकांची पट्टी लावली आणि म्हणाला, "चला."

माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या कार्यालयात तो तिला घेऊन गेला. तिथल्या माणसानं मुजम्मिलचा नंबर, पलटण विचारून घेतली, बाहेर जाऊन दोन फोन केले. परत येऊन म्हणाला, "ताई, मला तिकडची माहिती देता येत नाही आणि मिळतही नाही. पण एक सांगतो. काही वाईट झालं असतं तर आमची गाडी तुमच्या दारात आली असती. आणि लोक म्हणतात तसं काही असतं, तर पोलिसांची आली असती. दोन्ही आल्या नाहीत ना? मग घरी जा."

बाहेर मोतीराम पायरीवर जरा टेकला. "पोरी, मी श्रीलंकेत लढून आलो तेव्हा गावानं माझी बैलगाडीतून मिरवणूक काढली," तो म्हणाला. "मारुतीच्या देवळापाशी आल्यावर गाडी थांबवली. म्हणाले, मोतीराम, तू इथं उतर, गाडीला फेरा घालू दे, तू मागच्या गल्लीनं ये. हार गळ्यात तसाच. मी उतरलो आणि मागच्या गल्लीनं गेलो."

"का गेला?"

"तीस वरसाचा होतो. वाटलं, पुढच्या बारीला असं नाय करणार." तो उठला. "तू जाऊ नको."

नुजहत एकही दिवस घरी बसली नाही. बसमध्ये उभी राहून जायची, उभी राहून यायची. कँटीन सोडून बोर्डापाशी डबा खायची. कुणी बोललं तर तेवढ्यास तेवढं बोलायची, आणि ते बोलणं असं असायचं की पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं. इतका कडवटपणा कुठून येतोय? पूर्वी ती हसरी म्हणून लाईनवर ओळखली जायची.

लढाई थांबल्याची घोषणा झाली. त्यानंतर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती भाजी निवडत होती तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला.

"नुजहत! सुन रै?" तो ओरडत होता. इतक्या जोरात की तिनं फोन कानापासून लांब धरला.

"हौ, सुन रै. चिल्ला कायकू रहे?"

"क्या? जोर से बोल!"

तेव्हा तिला कळलं. तोफेच्या अगदी जवळ गोळा पडला होता. खांद्यात लोखंडाचे तुकडे घुसले होते, ते काढले. डावा कान गेला होता, उजव्यानं थोडंफार ऐकू यायचं. त्याला ढिगाऱ्यातून ओढून काढलं ते त्याच्याच तोफेवरच्या एका जाट पोरानं. "मेरे कू मुर्दा समझ के खींचा उनो," मुजम्मिल ओरडून हसत होता. नुजहत भिंतीला टेकून बसली. मेथीच्या काड्या मांडीवरून खाली सांडल्या. खिडकीतून शेजारणींनी माना बाहेर काढल्या, कारण ती जितक्या जोरात बोलत होती तितक्याच जोरात रडत होती.

एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली, फर्दापूरचा जवान जखमी. नाव संपूर्ण छापलं होतं. त्या सकाळी बसमध्ये द्वारकाबाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून बसली. "ये ना ग फौजीण. कसे हायत आता?"

नुजहत दांडा धरून उभी राहिली. "तुमचं कुणीतरी येणार होतं ना," ती म्हणाली.

ग्रुपवरचे ते मेसेज ज्यानं त्यानं पुसले होते. तिथं आता नुसत्या रिकाम्या खुणा होत्या. लॉकर कुणीतरी नव्यानं रंगवून ठेवला होता. कडुबा समोर आला की ट्रॉली दुसऱ्या वाटेनं न्यायचा.

जूनमध्ये मुजम्मिल आजारी रजेवर घरी आला. चिन्मय सरांनी नुजहतला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. ह्या वेळी बसायला सांगितलं. "वरच्या साहेबांची इच्छा आहे, तुझ्या मिस्टरांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ. शिफ्ट बदलताना, म्हणजे दोन्ही शिफ्टचे लोक असतील."

"चालंल," नुजहत म्हणाली. "आधी ज्यानं तो मेसेज टाकला आणि ज्यानं लॉकरवर लिहिलं, त्यानं त्याच ग्रुपवर लिहावं की आपण खोटं बोललो."

"ते आता कशाला? विषय संपला. चांगल्या कामाला गालबोट नको."

"मग सत्कार नको."

चिन्मय सर गोड हसले. संध्याकाळी त्यांनी परस्पर मुजम्मिललाच फोन केला. मोठ्यानं बोलून बोलून त्याला समजावलं आणि तो हो म्हणाला.

नुजहतनं घरी येऊन हे ऐकलं तेव्हा तिनं हातातली पिशवी जमिनीवर आपटली. उजव्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "मेरे कू पूछे बगैर हौ बोले?"

"बुला रहे इज्जत से. नै कैसे बोलनेका?" तो म्हणाला. "तेरी नोकरी है वहां. जाने दे ना. पलटणीतबी बोलतात लोक कधी कधी. मैं सुनके छोड देता. उसी में का एक बोलने वाला मेरे कू खींच के लाया."

"तुमच्याकडं ओढून काढणारा होता. माझ्याकडं कोण होतं?"

त्याला ते ऐकू गेलं नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही.

सत्काराला कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून लोक उभे केले होते. मुजम्मिलनं गणवेश घातला होता, खांदा अजून ताठ होता. वरचे साहेब बोलले, चिन्मय सर बोलले. आपल्या कंपनीला अभिमान आहे, आपण सगळे एक कुटुंब आहोत. शाल घातली, नारळ दिला. मुजम्मिल सगळ्यांकडे बघून हसत होता. त्यातलं त्याला काय कळत होतं कोण जाणे, पण टाळ्या दिसत होत्या, म्हणून तोही मान लववत होता. कडुबा पुढं आला, वाकून त्याचे पाय धरले. मुजम्मिलनं त्याला उठवून छातीशी धरलं. ते बघून नुजहत सरळ जाऊन माईकपाशी उभी राहिली. कुणी अडवलं नाही. त्यांना वाटलं, आभार मानेल.

"तुम्ही सगळ्यांनी एक मेसेज वाचला होता," ती म्हणाली. "काहींनी पुढं पाठवला. मला फक्त एवढंच बघायचंय की तो कुणी पाठवला होता. त्यांनी हात वर करा. मी काही करणार नाय. नुसतं बघायचंय."

दोन शिफ्टची माणसं. पंखे फिरत होते. द्वारकाबाई विशाखाच्या मागं सरकली. कडुबा नारळावरून गळलेली फुलं गोळा करायला खाली वाकला. कुणाचाही हात वर गेला नाही.

"नुजहत, पुरे," चिन्मय सर हळूच म्हणाले.

मग मागून एक हात वर झाला. विशाखाचा.

"तू नाय पाठवला," नुजहत म्हणाली.

"नाय पाठवला. पण वाचला आणि गप बसले," विशाखा म्हणाली.  "आता मी हात वर केलाय. बाकीच्यांचं काय ते बघा."

कुणी काही बघितलं नाही. लोक एकेक करून दाराकडे निघाले, पहिली शिफ्ट बसकडे, दुसरी लाईनकडे. चिन्मय सरांनी माईक बंद केला. नुजहत नवऱ्यापाशी गेली, त्याच्या खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि वरच्या साहेबांसमोरच्या टेबलावर ठेवली. नारळही ठेवला.

"क्या हुआ?" मुजम्मिल तिच्या तोंडाकडे बघत विचारत होता. "क्या बोली तू?"

कंपनीच्या फाटकाबाहेर आल्यावर, ट्रकांच्या आवाजात, तिनं त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. मेसेज, लॉकर, कँटीनमधला फोन. आत्तापर्यंत त्याला यातलं अर्धंही माहीत नव्हतं. सांगताना तिचा घसा बसला. तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. ज्याला छातीशी धरलं होतं तो कोण, हेही त्यानं विचारलं. तिनं सांगितलं.

"तेरे कू रोज इधरच आनेका है," तो म्हणाला. रागावला होता, पण कुणावर ते त्यालाच कळत नव्हतं.

"हौ. रोज आनेका है. म्हणूनच बोलले."

महिना संपला तेव्हा ठेकेदारानं नुजहतला सांगितलं, पुढं काम नाही. कारण दिलं नाही. विशाखाला मात्र ठेवलं, पण दुसऱ्या शिफ्टला, दुसऱ्या बोर्डावर टाकलं. मुजम्मिलला डॉक्टरांच्या मंडळानं तोफेवरून काढून भांडारात दिलं. त्याला ते लागलं. निघायच्या आदल्या दिवशी तो फर्दापुरात वडिलांच्या दुकानात दिवसभर दगड पुसत बसला होता. निघताना स्टेशनवर ह्या वेळी हार घेऊन कुणी आलेलं नव्हतं.

नुजहतला शेंद्र्याकडच्या एका कारखान्यात काम मिळालं. तिथली बस वेगळी, माणसं वेगळी. पहिल्याच दिवशी शेजारच्या बोर्डावरच्या बाईनं, वायर ओढता ओढता, सहज विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"फौजेत हायत," नुजहत म्हणाली.

बाईनं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं, मग वर पाहिलं. तिच्या तोंडावर काहीतरी यायला लागलं होतं. ते काय असेल, चांगलं की वाईट, याची वाट नुजहतनं पाहिली नाही. हातातलं काम थांबवून ती त्या बाईकडे रोखून बघत राहिली. बाईनं मान खाली घातली आणि पुढची वायर उचलली.